घरापुढील हिरवळ

हिरवळ म्हटली कीं रोज सायंकाळीं हातांत नळी धरून पाणी शिंपणारा गृहस्थ डोळ्यांपुढें उभा राहतो. अहिल्यानगर जिल्ह्यांत, म्हणजे पूर्वींच्या अहमदनगरांत, ही संवय महाग पडते. अकोले तालुक्यांतील सह्याद्रीचा पट्टा वगळला तर येथें वर्षाकांठीं सुमारें ५०० ते ६०० मिलिमीटर पाऊस पडतो, आणि तोही बहुतेक जून ते ऑक्टोबर या महिन्यांत. तेव्हां हिरवळ करण्यापूर्वीं पाण्याचा हिशेब मांडणें अगत्याचें आहे.

एक चौरस मीटर जमिनीवर एक लिटर पाणी पसरलें कीं त्याची उंची एक मिलिमीटर भरते. शंभर चौरस फुटांच्या अंगणास एक इंच पाणी द्यावयाचें म्हणजे सुमारें २३५ लिटर लागतात. हजार फुटांस याच्या दसपट. अंगण मोठें असलें तरी हिरवळ पाण्यास झेपेल एवढीच करावी.

या हवेस हरळी उत्तम मानवते. गणपतीस वाहतात ती दूर्वा हीच. शेतकरी तिला शत्रु मानून खणून काढतो, कारण तिचीं जमिनीखालचीं कांडें सहजासहजीं मरत नाहींत. तोच गुण अंगणांत उपयोगी पडतो. मात्र दाट सावलींत ती विरळ होते. झाडाखालीं तिचा हट्ट धरूं नये.

लावणीपूर्वीं माती पाहावी. १९४२ ते १९४५ या काळांत पंडित जवाहरलाल नेहरू अहमदनगरच्या किल्ल्यांत बंदिवासांत होते. तेथें फुलांचे वाफे खणतांना माती दगडांनीं व जुन्या बांधकामाच्या अवशेषांनीं भरलेली आढळली, असें त्यांनीं ‘दि डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ या ग्रंथांत नमूद केलें आहे. नव्या घराच्या अंगणाचीही बहुधा हीच स्थिति असते. म्हणून वीतभर खोल खणून विटांचे तुकडे, चुना व लव्हाळ्याचे गड्डे वेंचून काढावे आणि पूर्ण कुजलेलें शेणखत मिसळावें. कच्च्या खताबरोबर तणाचें बीं व हुमणी येते. पावसाळा सुरू होतांच हरळीचीं कांडकीं चार-चार बोटांच्या अंतरावर लावावीं.

रोज थोडें पाणी दिल्यास केवळ वरची माती भिजते, मुळें वरच राहतात आणि एका दिवसाच्या उन्हानें सुकतात. पाणी सकाळीं, सावकाश व भरपूर द्यावें. लोखंडी सळई वीतभर सहज शिरली म्हणजे ओल पुरेशी उतरली असें समजावें. त्यानंतर गवत निळसर दिसूं लागेपर्यंत, किंवा पाऊल उमटून तसेंच राहीपर्यंत, पुन्हां पाणी देऊं नये.

कापणी धारदार पात्यानें करावी. बोथट पात्यानें शेंडे फाटून तपकिरी पडतात. एका वेळीं उंचीच्या एक तृतीयांशाहून अधिक कापूं नये, आणि उन्हाळ्यांत गवत थोडें उंच राखावें, म्हणजे मातीवर सावली राहते. बारीक कातरण तेथेंच पडूं दिल्यास तिचें खत होतें.

टंचाईच्या चैत्र-वैशाखांत हरळी पिवळी पडली तरी घाबरूं नये. दोन-तीन आठवड्यांनीं एकदां दिलेलें पाणी तिचीं कांडें जगविण्यास पुरतें. भाज्या धुतलेलें पाणीही चालतें. शेजारचें घर टँकरची वाट पाहत असतां आपलें अंगण हिरवेंगार राखण्यांत भूषण नाहीं. मृगाच्या सरी आल्या कीं हरळी आपण होऊन फुटते.