फुगणाऱ्या काळ्या मातीचे स्थिरीकरण आणि टाकाऊ पदार्थ : कोसाडच्या संदर्भात

सुरत शहराच्या उत्तरेस, तापीपलीकडे अमरोलीलगत कोसाड आहे. २००५ साली सुरू झालेल्या जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनरुत्थान अभियानांतर्गत सुरत महानगरपालिकेने येथे दुर्बल घटकांसाठी मोठी वसाहत उभारली. या पट्ट्यातील जमीन प्रामुख्याने कपाशीची काळी माती आहे. इमारतीचा पाया खोल नेता येतो. परंतु फरशी, कुंपणाची भिंत, गटार, गल्लीतील रस्ता ही हलकी कामे वरच्या थरावरच बसतात. पावसाळ्यात ती उचलली जातात, उन्हाळ्यात खचतात, आणि दुरुस्तीचा खर्च ज्याला सर्वांत कमी परवडतो त्याच्याच दारात हे घडते.

या मातीत माँटमोरिलोनाइट हे खनिज असते. त्याच्या पातळ पापुद्र्यांमध्ये पाणी शिरले की ते एकमेकांपासून दूर सरतात. माती किती फुगेल हे महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतही पाहता येते. ४२५ मायक्रॉनच्या चाळणीतून गाळलेली, भट्टीत सुकवलेली प्रत्येकी १० ग्रॅम माती दोन मोजपात्रांत घ्यावी. एकात ऊर्ध्वपातित पाणी, दुसऱ्यात रॉकेल ओतावे. रॉकेलात माती फुगत नाही. २४ तासांनंतर दोन्ही आकारमानांतील फरकास रॉकेलातील आकारमानाने भागून १०० ने गुणले की मुक्त फुगवटा निर्देशांक मिळतो. तो ५० टक्क्यांहून अधिक असलेली माती महामार्गाच्या भरावास सर्वसाधारणपणे वर्ज्य मानतात.

अशा मातीत चुना मिसळल्यास कॅल्शियमचे आयन सोडियमची जागा घेतात आणि फुगवटा लवकर कमी होतो. पुढे मातीतील सिलिका व अॅल्युमिना चुन्याशी संयोग पावून सिमेंटसारखे बंध तयार होतात; यास आठवडे, महिने लागतात. येथे राखेचा उपयोग आहे. उकाई औष्णिक केंद्रातील दगडी कोळशाची राख सिलिकायुक्त असते, पण तिच्यात चुना अल्प. म्हणून नुसती राख टाकून फारसे साधत नाही. सोबत थोडा चुना हवाच. केंद्र शासनाच्या १९९९ च्या अधिसूचनेने केंद्रापासून ५० किलोमीटरच्या आतील वीटनिर्मितीत राखेचा वापर बंधनकारक केला. २०१६ मध्ये ही मर्यादा ३०० किलोमीटर झाली.

हजिऱ्यास २०२२ मध्ये पोलाद कारखान्याच्या मळीचा सहापदरी रस्ता झाला. मात्र तेथे मळी खडीच्या जागी वापरली गेली, मातीच्या स्थिरीकरणासाठी नव्हे. शिवाय ताज्या मळीतील मुक्त चुना पाणी लागताच स्वतःच फुगतो. ती आधी मुरवावी लागते.

सुरतेत सहज मिळणारा आणखी एक पदार्थ म्हणजे कापड रंगाई कारखान्यांच्या सांडपाण्याचा गाळ. तो फुकट मिळतो म्हणून मोह होतो. पण रंगाईत सोडियम सल्फेट वापरले जाते, आणि सल्फेट, चुना व चिकणमाती एकत्र आल्यास एट्रिंगाइट हे खनिज बनून फुगवटा उलट वाढतो. जड धातूंचा प्रश्न वेगळाच. वस्तीच्या अंगणात हा गाळ घालू नये.

प्रत्यक्ष कामात ढेकळे बारीक न फोडता चुना पसरणे ही नेहमीची चूक आहे. ढेकळाच्या आतली माती तशीच राहते. काम पावसाळ्यापूर्वी उरकावे आणि थर ओलसर ठेवून मुरू द्यावा. गटार गळत असेल तर आधी ते दुरुस्त करावे.