सड्यावरच्या पवनचक्क्या: गैरसमज आणि वस्तुस्थिती

पवनचक्कीमुळे वन्यजीवांचे नुकसान होते ते पात्यांच्या धडकेने, असा सर्वसाधारण समज आहे. पाती पक्ष्यांना आणि वटवाघळांना लागतात हे खरे. पण मेलेले पक्षी मोजून सगळा परिणाम कळत नाही. सातारा जिल्ह्यातील चाळकेवाडीच्या पठारावर बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील संशोधकांनी पवनचक्क्यांचा आणि लगतचा मोकळा भाग ताडून पाहिला. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात पवनचक्क्यांच्या भागात शिकारी पक्ष्यांचा वावर जवळपास चौपटीने कमी आढळला. घार-ससाण्यांचे भय सरले तसे गळ्याला रंगीत पंखा असणारे सरडे तिथे वाढले. माणूस अगदी जवळ गेला तरी ते पळत नव्हते आणि त्यांच्या रक्तात तणावाचे संप्रेरक कमी होते. पण गर्दीमुळे भक्ष्य पुरेना. सरडे किरकोळ अंगाचे झाले, नरांच्या गळ्याचे रंगही फिके पडले. एक धडक न होताही अख्खी अन्नसाखळी बदलते, ती अशी.

पठार उजाड, मग बिघडणार काय, हा समज अधिक घातक आहे. जांभ्याच्या सड्यावर, म्हणजे कातळी पठारावर, मातीचा थर जेमतेम असतो. पावसाळ्यात त्यावरून झिरपणाऱ्या पाण्यावर गेंद, सोनकी, सीतेची आसवे वाढतात. जवळचे कास पठार तर २०१२ पासून जागतिक वारशात आहे. मनोऱ्याचा पाया थोडी जागा घेतो. मात्र अवजड पाती नेण्यासाठी रुंद रस्ते लागतात आणि ते पाण्याची वाट तोडतात. भीमाशंकर परिसरातील पवनचक्क्यांबाबत माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील पश्चिम घाट समितीने २०११ च्या अहवालात हेच नोंदवले: उतारांवरील रस्त्यांसाठी जंगल तुटले, दरडी ढासळल्या, राडारोडा शेतांत आणि जलाशयांत गेला.

पवनचक्क्या ढग पळवतात, ही तक्रार दोन हजारच्या दशकातील दुष्काळात सातारा-सांगलीकडे जोरात होती. पिके करपलेल्या शेतकऱ्याची व्यथा खरी होती, कारण चुकीचे होते. मोसमी पाऊस अरबी समुद्रावरील बाष्प आणि हजारो किलोमीटरच्या वायुप्रणाली ठरवतात. पाती जमिनीलगतच्या पातळ थरातली थोडी ऊर्जा घेतात; त्यांचा परिणाम आसपासच्या तापमानातील किंचित फरकापुरता असतो.

वीज तयार झाली की धोका संपला, असेही नाही. जड शरीराच्या आणि समोरचे नीट न दिसणाऱ्या माळढोकाला उच्चदाबाच्या तारा मारक ठरतात. म्हणूनच सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली राजस्थान-गुजरातमधील त्याच्या अधिवासातील तारांबाबत आदेश दिले. हा धोका माळरानापुरताच नाही: मुंबईतल्या विक्रोळीत पवनचक्क्या नाहीत, तारा मात्र आहेत. २०२३ मध्ये सुरू झालेली खारघर-विक्रोळी ही ४०० केव्ही वाहिनी मुंबईला बाहेरची वीज आणते. विक्रोळीच्या खारफुटीपलीकडची ठाणे खाडी २०१५ पासून रोहित पक्ष्यांचे अभयारण्य आणि २०२२ पासून रामसर स्थळ आहे. रोहित थव्याने आणि बऱ्याचदा रात्री उडतात, त्यामुळे अशा ठिकाणी तारांवर ठळक चकत्या बसवणे किंवा शक्य तिथे तारा भूमिगत नेणे आवश्यक ठरते.