मेलेल्या पेशींचं उभं झाड

अहेरी तालुक्यातल्या आलापल्लीच्या लाकूड आगारात सागाचे लठ्ठे थप्प्या लावून ठेवलेले असतात. व्यापारी आधी गोलाई बघतो, मग लांबी, मग गाठी आणि पोकळी. सजीवाचं शरीर कसं बांधलेलं असतं हे ज्याला बघायचं आहे, त्यानं मात्र लठ्ठ्याचं कापलेलं टोक निरखावं. सूक्ष्मदर्शकाची गरज नाही.

टोकावर वलयं दिसतात. प्रत्येक वलयाच्या आतल्या कडेला बारीक छिद्रांची रांग असते. ही छिद्रं म्हणजे जलवाहिन्या. पेशी सहसा डोळ्यांना दिसत नाहीत, पण सागाच्या या पेशींची तोंडं नुसत्या नजरेनं मोजता येतात. हंगामाच्या सुरुवातीला, नवी पालवी फुटताना झाडाला भरपूर पाणी लागतं, तेव्हा मोठ्या वाहिन्या तयार होतात. पुढे त्या लहान होत जातात आणि लाकूड घट्ट होतं. म्हणूनच सागाची वलयं इतकी स्पष्ट उमटतात.

या वाहिनीची घडण विलक्षण आहे. पेशी लांब होते, भिंत जाड करते, तिच्यावर लिग्निनचा थर चढवते आणि मग मरते. आतला जीवद्रव्याचा ऐवज तिची स्वतःचीच विकरं पचवून टाकतात. वरची-खालची आडभिंत विरघळते, एकावर एक पेशी जुळतात आणि लांब नळी तयार होते. जिवंत असेपर्यंत ही पेशी पाणी वाहून नेऊच शकत नाही. वर कुठे पंपही नाही. पानांतून बाष्प निघून जातं आणि त्या ओढीनं पाणी चढतं. शाळेच्या पुस्तकात पेशी, ऊती, इंद्रिय, सजीव अशी नीटस शिडी असते. त्या शिडीत मरण्याचं काम कुणाकडे आहे, हे फारसं सांगितलेलं नसतं.

बाहेरच्या फिकट लाकडात काही पेशी अजून जिवंत असतात आणि पिठूळ साठा सांभाळतात. आत सरकता सरकता त्यांची पाळी येते. मरण्याआधी त्या टेक्टोक्विनोनसारखी रसायनं बनवून आसपास मुरवतात, आणि सोनेरी-तपकिरी गाभा तयार होतो. वाळवी पांढरं लाकूड फस्त करते, गाभ्याला सहसा तोंड लावत नाही. मार्च २०२३ मध्ये अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी बल्लारपूरच्या आगारातून साग गेला. या भागातल्या सागाचं नाव झालं ते याच मेलेल्या गाभ्यामुळे.

मग वाढतं काय? सालीच्या लगेच आत विभाजी पेशींचा एक पातळ पापुद्रा असतो, तो. तो आतल्या बाजूला लाकूड टाकतो, बाहेरच्या बाजूला पानांतली साखर खाली नेणाऱ्या रसवाहिन्या. शेंड्याच्या कळ्या फुगल्या की त्यांच्यातून ऑक्सिन हे संप्रेरक खाली झिरपतं आणि पापुद्र्याला कामाला लावतं. आलापल्ली-भामरागड रस्त्यावर सुमारे १६ किलोमीटरवर ‘ग्लोरी ऑफ आलापल्ली’ हा जपलेला वनखंड आहे. २०१४ साली तो राज्यातलं पहिलं जैवविविधता वारसा स्थळ ठरला. तिथल्या बुंध्यांना दोघांनी मिळून कवेत घ्यावं लागतं, पण त्यांचं वाढणं चालतं ते कागदाइतक्या त्या थरात.

पानाची रचना दाखवायला इथे अळी आहे. पावसाळ्याच्या उत्तरार्धात सागाची पानं खाणारी एक अळी हिरवा मगज तेवढा खाते आणि शिरा सोडून देते. रानात अशा जाळ्या झालेल्या पानांचा खच पडतो. वनखात्याच्या लेखी हे नुकसान. मला तर वाहक ऊतींचं यापेक्षा चांगलं प्रात्यक्षिक कुठल्या प्रयोगशाळेत दिसलेलं नाही.

अहेरी तालुक्यातच कमलापूरचा हत्ती कॅम्प आहे. लठ्ठे ओढायला या जंगलात हत्ती वापरले जात. हत्ती आणि साग शेजारी ठेवले की शरीर बांधण्याच्या दोन तऱ्हा दिसतात. हत्तीचं पिल्लू २२ महिने पोटात वाढतं आणि सगळी इंद्रियं ठरल्या संख्येनं घेऊन येतं. दाढासुद्धा मोजून सहा संच. शेवटचा झिजला की चारा चावता येत नाही. साग दर उन्हाळ्यात पानं झाडून मोकळा होतो, पुन्हा नवी काढतो, आणि त्याला फांद्या किती असाव्यात याचा कुठेही हिशेब नसतो.

हा फरक रोपवाटिकेत सर्वांत उघड होतो. वर्षभराचं सागाचं रोप उपटून त्याचं खोड इंचभर ठेवतात, सोटमूळ वीतभर ठेवतात, बाकी सगळं छाटतात. ही सागजडी. पान नाही, शेंडा नाही, बारीक मुळ्याही नाहीत. पहिल्या पावसात पहारीनं भोक पाडून ती लावायची. मुळाच्या मानेजवळच्या निद्रिस्त कळ्या जागतात आणि छाटलेले सारे अवयव नव्यानं घडतात.

तोडलेल्या झाडाच्या खुंटालाही असेच फुटवे येतात. त्यांतला एखादा जोमदार ठेवून बाकीचे काढतात, आणि जुन्या मुळांवर तो भराभर वाढतो. अशा झाडाची वलयं मोजली तर कळतं ते फक्त फुटव्याचं वय. खालची मुळं त्याहून कितीतरी जुनी असतात.