गाडीच्या पुर्ज्यामागचा अभियंता

मेकॅनिकल इंजिनियरिंगला जाऊ का, असे विचारणाऱ्या मुलाला हल्ली घरूनच उत्तर मिळते, "त्यापेक्षा कॉम्प्युटर घे." पीथमपूर इतके जवळ असताना आपण इंदूरकरांनी हे उत्तर एवढ्या घाईने देऊ नये, असे आम्हास वाटते. म्हणून या अंकात त्या क्षेत्रातील एका कामाची ओळख करून देत आहोत.

गाडी कारखान्यातून निघते तेव्हा तिचे सर्व पुर्जे मूळ कंपनीने पसंत केलेले असतात. पुढे ब्रेक, फिल्टर, बुश झिजतात. ते बदलण्यासाठी इतर कारखानेही सुटे भाग बनवतात. या बाजाराला 'आफ्टरमार्केट' म्हणतात. छोटी ग्वालटोलीतील दुकानांत असा माल भरपूर दिसतो. त्याला सरसकट 'डुप्लिकेट' म्हणणे बरोबर नाही. दुसऱ्याच्या नावाचा छाप मारून विकलेला तो नकली. स्वतःच्या नावाने, जबाबदारी घेऊन बनवलेला पुर्जा वेगळा.

अडचण अशी, की मूळ कंपनीचे ड्रॉइंग या अभियंत्याजवळ नसते. हाती असतो फक्त पुर्जा. ब्रेकची डिस्कच घ्या. जुनी डिस्क मोजून उपयोग नाही, ती झिजलेली असते. समजा नवी मोजली आणि जाडी २२.०४ मि.मी. भरली. तर मूळ माप नेमके किती आणि त्यात कमी-जास्त किती चालते, हे एकीवरून कळत नाही. म्हणून वेगवेगळ्या खेपांतील अनेक डिस्क मोजतात, शिवाय ती ज्यावर बसते तो हबही. मधले भोक लहान झाले तर डिस्क बसतच नाही. मोठे झाले तर ती बरोबर मध्यावर राहत नाही. फिरताना डिस्क एक दशांश मिलिमीटर जरी डगमगली, तरी काही काळाने ब्रेक दाबताच पायाला थरथर जाणवू लागते.

माप जुळले तरी धातूचा प्रश्न उरतोच. गतिज ऊर्जेचे सूत्र आठवा. १००० किलोची गाडी ताशी ७२ कि.मी. वेगाने, म्हणजे सेकंदाला २० मीटर, धावत असेल तर तिची ऊर्जा २ लाख जूल होते. एवढ्यात एक लिटर पाणी सुमारे ४८ अंशांनी तापेल. वेग निम्मा असता तर ऊर्जा चौथाईच असती. ब्रेक लावला की यातील बहुतेक ऊर्जा उष्णता होऊन डिस्क आणि पॅडमध्ये जाते. घाट उतरताना हे वारंवार घडते. मापाने अचूक, पण हलक्या ओतीव लोखंडाची डिस्क तिथे तडकू शकते, आणि गाडीत कोणाची तरी मुलेबाळे बसलेली असतात. म्हणून आधी कॉम्प्युटरवर आकृती, (पाहा, कॉम्प्युटर इथेही आहेच!) मग नमुना, मग यंत्रावर पुन्हा पुन्हा तापवून चाचणी. अख्ख्या गाड्यांच्या चाचणीसाठी पीथमपूरलाच नॅट्रॅक्स हे केंद्र आहे, तेथील ११.३ कि.मी.च्या वेगवान ट्रॅकचे उद्घाटन २०२१ साली झाले.

हौसेखातर गाडीत फेरबदल करणे ही निराळी बाब. मूळ निर्मात्याच्या तपशिलाशी न जुळणारे बदल करता येत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये सांगितले आहे. आमच्या फाटकासमोरून फटाके फोडत जाणारे सायलेन्सर कोणाच्या घरचे, हे आम्ही इथे लिहीत नाही.

या क्षेत्रात येण्यासाठी बारावी विज्ञाननंतर पदवी घेता येते, किंवा दहावीनंतर पॉलिटेक्निकचा डिप्लोमा करून पुढे पदवीच्या दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो. मुलींनीही जरूर विचार करावा. मोजमापाचा कंटाळा असणाऱ्याने मात्र करू नये.

आपल्या प्रयोगशाळेत सध्या दोनच व्हर्नियर कॅलिपर आहेत आणि एकाचा जबडा नीट मिटत नाही. आणखी सहा घ्यावेत अशी विनंती आम्ही विश्वस्त मंडळाकडे केली आहे. ज्या पालकांचे गॅरेज किंवा वर्कशॉप असेल, त्यांनी एक झिजलेली आणि शक्य झाल्यास तशीच एक नवी डिस्क शाळेस द्यावी. नववीच्या मुलांकडून दोन्ही मोजून घेऊ.