ओळखीची चोरी आणि तिच्यापासून बचाव

खेड्यामध्ये माणसाची ओळख त्याच्या चेहऱ्यात असते. अमुक हा तमक्याचा मुलगा, हे साऱ्या गावाला ठाऊक असते. औद्योगिक नगरात तसे नसते. भिलाई येथील पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी १९५९ साली सुरू झाली आणि देशाच्या निरनिराळ्या प्रांतांतून माणसे तेथे येऊन वसली. हावडा–मुंबई लोहमार्गावरील पावर हाउस स्थानकाजवळच्या बाजारात शेजारी उभा असलेला मनुष्य कोण, हे कागद पाहिल्यावाचून कळत नाही. ओळख जेव्हा चेहऱ्यावरून कागदावर उतरते, तेव्हाच ती चोरता येऊ लागते.

कागदाला शरीराची जोड देण्याची कल्पना आपल्याच देशात रुजली. बंगालमधील अधिकारी विल्यम हर्शेल यांनी १८५८ साली एका करारपत्रावर सहीबरोबर पंजाचा ठसा घेतला. पुढे १८९७ साली कलकत्त्यास बोटांच्या ठशांचे कार्यालय स्थापन झाले. बोटांवरील रेषा जन्मापूर्वीच तयार होतात व आयुष्यभर कायम राहतात, हा या पद्धतीचा पाया होय. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या गावी पहिला आधार क्रमांक देण्यात आला, त्यामागेही हेच तत्त्व आहे.

क्रमांक आणि किल्ली

येथे एक भेद नीट समजून घ्यावयास हवा. आधारचा बारा अंकी क्रमांक हा घराच्या नंबरासारखा आहे. ओटीपी, पिन आणि बोटांचा ठसा या घराच्या किल्ल्या आहेत. नंबर ठाऊक असल्याने चोर दारापर्यंत येतो, परंतु आत शिरण्यास त्याला किल्ली लागते. म्हणूनच तो बँकेचा अधिकारी असल्याची बतावणी करून ओटीपी विचारतो.

या किल्ल्यांतही फरक आहे. पिन उघड झाला तर तो बदलता येतो; अंगठा मात्र बदलता येत नाही. खरेदीखतांवरील ठशांवरून सिलिकॉनचे अंगठे बनवून लोकांच्या खात्यांतील पैसे काढल्याची प्रकरणे आपल्या देशात उघडकीस आली आहेत. यावर उपाय म्हणून आधारच्या संकेतस्थळावर आपल्या ठशांना कुलूप घालण्याची सोय आहे. गरजेपुरते ते उघडावे व पुन्हा लावावे.

उसने दिलेले नाव

ओळख नेहमी चोरीलाच जाते असे नाही. कित्येकदा ती थोड्या पैशांसाठी उसनी दिली जाते. २०२३ साली गाजलेल्या महादेव या ऑनलाइन सट्ट्याच्या प्रकरणातील प्रमुख आरोपी मूळचे भिलाईचे. बेनामी बँकखात्यांच्या साखळीतून पैसा फिरविला गेला, असा अंमलबजावणी संचालनालयाचा आरोप आहे. अशा साखळीत आपले खाते वा सिमकार्ड दुसऱ्यास वापरावयास देणाऱ्याचा लाभ अल्प असतो; तपास मात्र ज्याच्या नावावर खाते आहे त्याच्याच दाराशी प्रथम येऊन पोहोचतो.

काय करावे?

आधारची प्रत देणे भाग पडल्यास केवळ शेवटचे चार अंक दाखविणारी प्रत द्यावी. झेरॉक्सच्या दुकानात प्रती मागे ठेवू नयेत. दिलेल्या प्रतीवर कारण व दिनांक लिहून सही करावी. आपल्या नावावर किती मोबाइल जोडण्या आहेत, हे ‘संचार साथी’ या सरकारी संकेतस्थळावर पाहता येते. आपण न काढलेले कर्ज नावावर आहे काय, हे पतमाहिती कंपनीच्या अहवालावरून कळते. असा अहवाल प्रत्येक कंपनीकडून वर्षातून एकदा विनामूल्य मिळतो. मोबाइल अकस्मात बंद पडून बराच वेळ सुरू झाला नाही, तर आपल्या क्रमांकाचे दुसरे सिमकार्ड कोणी घेतले नाही ना, याची चौकशी त्वरित करावी.

फसवणूक झालीच तर बँकेस कळवावे आणि १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. चोरलेला पैसा एका खात्यातून दुसऱ्यात थोड्याच वेळात सरकतो. तक्रार जितकी लवकर, तितका तो वाटेतच अडविला जाण्याचा संभव अधिक. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-क (इंग्रजीत ‘सी’) अन्वये दुसऱ्याची सही, पासवर्ड वा ओळखचिन्ह लबाडीने वापरणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद व एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

कायदा चोराला शासन करतो. परंतु गेलेली पत परत मिळविण्यास महिनोन्‌महिने खेटे घालावे लागतात. यास्तव घराच्या किल्लीइतकीच आपल्या ओळखीची काळजी घेणे, हे प्रत्येक नागरिकाने अंगी बाणविले पाहिजे.