शेकड्याला पाच

मे महिन्यात दिवस कलायला लागला की फळी भरते. गावाबाहेरची झाडून-लोटून साफ केलेली ही मोकळी जागा. पहाटे जंगलात जाऊन तोडलेलं, दुपारभर मांडवाखाली बसून बांधलेलं तेंदूपानांचं पुडकं इथे मोजून द्यायचं. एका पुडक्यात ७० पानं. शंभर पुडक्यांचा शेकडा, हजार पुडक्यांची एक प्रमाण गोणी. बायका ओझी उतरवतात, देठं एका बाजूला करून पुडकी ओळीने मांडतात आणि मुन्शीची वाट बघत मातीवर बसतात. हिरव्या पानांचा तुरट वास, त्यात घामाचा आणि कालच्या सुकत घातलेल्या ओळींचा धुळकट वास मिसळलेला. आठवडाभर तो माझ्या कपड्यांना राहिला.

मला इथे आणलं ते एका जाहिरातीने. नागपूरच्या वर्तमानपत्रात, भाड्याने देणे-घेणेच्या शेजारी, चार बोटं जागेत तेंदूपाने विक्रीची निविदा निघाली होती. खाली वनविभागाचं नाव नव्हतं, ग्रामपंचायतीचंही नव्हतं. गडचिरोली जिल्ह्यातल्या एका टोल्याच्या ग्रामसभेने व्यापाऱ्यांना भाव मागितला होता. १९६९च्या कायद्याने महाराष्ट्रात या पानांचा व्यापार सरकारच्या हाती गेला. पुढे आदिवासी भागांतल्या ग्रामसभांना अधिकार देणारा १९९६चा पेसा कायदा आला, २००६चा वनहक्क कायदा आला आणि गौण वनोपजाची मालकी कागदावर गावाची झाली. कागदावरचं फळीवर उतरवायला किती खटाटोप लागतो, ते मला बघायचं होतं.

मुन्शी म्हणजे गावातलाच बारावी झालेला पोरगा. वही गुडघ्यावर, कानाला पेन. पूर्वी हा माणूस ठेकेदाराचा असायचा. आता त्याला ग्रामसभा नेमते, वही ग्रामसभेची, पैसे ग्रामसभेच्या खात्यात येतात आणि तिथून घरोघरच्या खात्यात जातात. माल बाहेर न्यायचा वाहतूक परवानाही ग्रामसभाच देते. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाने हा परवाना बांबूसाठी भांडून मिळवला. २७ एप्रिल २०११ रोजी तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश तो द्यायला स्वतः त्या गावी आले होते. ‘आमच्या गावी आम्हीच सरकार’ ही मेंढ्याची घोषणा सगळ्यांना ठाऊक आहे. पण सरकार व्हायचं म्हणजे हिशेब ठेवायचा, आणि या कामाचे फोटो कोणी काढत नाही.

ओळीच्या टोकाला एक म्हातारी बसली होती. सगळे तिला मावशी म्हणत, म्हणून मीही. तिची बोटं चिकाने काळी पडली होती. माझ्याशी बोलताना नजर पुडक्यांवरच.

‘‘ठेकेदाराचा मुन्शी शेकड्याले पाच जास्तीचे घे. खराब निगते म्हने. आमी देत होतो जी. कोन भांडन?’’

शेकड्याला पाच. ऐकायला किरकोळ वाटतं. पाच पुडकी म्हणजे साडेतीनशे पानं. साडेतीनशे वेळा वाकायचं, तेही अस्वल कुठे आहे याचा कानोसा घेत, आणि त्याची मजुरी नाही. हंगाम मिळतो जेमतेम दोन-तीन आठवड्यांचा. वळवाचा एक जोराचा पाऊस पडला की सुकत घातलेली पानं काळी पडतात आणि तेवढ्यावरच आटोपतं.

त्या संध्याकाळी व्यापाऱ्याचा माणूस मोटारसायकलवरून आला. करार ग्रामसभेशी असला तरी माल बघायला तो येतोच. दोन ओळी फिरून त्याने पायानेच एक पुडकं सरकवलं आणि म्हणाला, ‘‘पानं कमी आहेत यात.’’ मुन्शी पोरगा गप्प राहिला. मावशी उठली, ते पुडकं उचललं, सालीची दोरी सोडली आणि त्याच्यासमोर पानं एकेक करून मातीवर टाकायला लागली. मोठ्याने मोजत, गोंडीत. त्याला गोंडी येत नव्हती. मध्येच तिने पोराला सांगितलं, तू मराठीत मोज. दोघांचे आकडे एकावर एक पडत गेले. सत्तर भरले. वर एक पान उरलं, ते तिने व्यापाऱ्याच्या माणसाच्या हातात दिलं. परतल्यावर मला त्या टोल्यातलं सगळ्यात आधी काही आठवत असेल, तर हे पान.

या धंद्याचं सगळंच चांगलं आहे असं नाही. कोवळं पान यावं म्हणून फेब्रुवारी-मार्चमध्ये झुडपं छाटतात, कुठे कुठे खाली आग लावतात. टेंभरं, म्हणजे तेंदूची फळं, खायला मिळत नाहीत ही मावशीचीच तक्रार. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावने, २०१२मध्ये सामूहिक वनहक्क मिळाल्यावर, तेंदूपान तोडायचंच नाही असं ठरवलं. झाडं राहतात, फळं राहतात, विडी-तंबाखूच्या धंद्याला हातभार लागत नाही. ते गाव बांबूवर चालतं. मला हा निर्णय मनापासून पटतो. पण धान पेरायच्या तोंडावर मावशीच्या हातात रोख पैसा पडतो तो याच पानाचा, आणि तिला पाचगावचे दाखले द्यायची माझी छाती नव्हती.

रात्री शाळेच्या ओट्यावर सभा झाली. वनहक्काच्या २०१२च्या सुधारित नियमांनुसार निम्मे सभासद हजर हवेत आणि हजर असलेल्यांत एक-तृतीयांश बाया. तेव्हा बाया स्वयंपाक उरकून येईपर्यंत सगळे थांबले. आल्या, मागे बसल्या. काहींचा डोळा लागला. पहाटे तीनला उठलेल्या. बोलत होते पुरुषच, वही पुरुषाकडेच. पानं तोडणाऱ्या आणि बांधणाऱ्या बहुतेक बाया, लिहिणारा मात्र पोरगा, हे मला खटकलं ते खटकलंच.

विषय निघाला शेकड्याला पाचचा. व्यापारी यंदाही खराबीपोटी पाच मागत होता. अध्यक्ष म्हणाले, द्यावेत, नाहीतर पुढच्या वर्षी निविदा कोण भरेल? त्यांचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. भाव पडलेल्या वर्षी व्यापारी फिरकत नाहीत आणि ठेकेदार उरलेले पैसे बुडवतात, हे या भागाने पाहिलं आहे. मत टाकायची पद्धत नाही. सगळ्यांचं एक होईपर्यंत बोलत राहायचं.

पुष्कळ वेळाने मागून मावशीच बोलली. खराब निघालेलं पुडकं फळीवरच बाजूला काढा, ज्याचं त्याला परत द्या, ते नीट बांधून आणेल. जास्तीचं एकही नको. बारीक कुरबुर झाली, मग थांबली. पोराने ठराव लिहून वाचून दाखवला: ‘खराब पुडके बदलून देण्यात येतील.’ मावशी म्हणाली, पाचचं कुठे आहे? ते लिही. पोराने आणखी एक ओळ घातली, शेकड्यामागे पाच पुडके जास्तीचे घेण्याची प्रथा बंद. मग अंगठ्यांसाठी शाईचा डबा मागच्या रांगेपासून फिरवायला सुरुवात झाली.