का बरं? : सांगलीत ऊन, तरी कृष्णेला पूर

सांगलीत लख्ख ऊन पडलेलं असतं आणि आयर्विन पुलाखाली पाणी मात्र मोजपट्टीवरचा एकेक आकडा बुडवत चढत राहतं. हे पाणी इथलं नसतंच. ते महाबळेश्वर, नवजा, कोयनानगरच्या डोंगरात कोसळलेलं असतं. उतारावर ते धावतं. कराडला कोयना कृष्णेला मिळते, पुढे जमीन सपाट होते आणि वेग मंदावतो. मग जत्रेतल्या गर्दीसारखं होतं: मागून रेटा, पुढे वाट नाही. पाणी आडवं पसरतं. त्यात सांगलीच्या अगदी खाली, हरिपूरला वारणा आणि नृसिंहवाडीला पंचगंगा मिळते. त्याही भरून आल्या की कृष्णा मागे फुगते. फार घातक असतो हा फुगवटा! आयर्विन पुलाची धोका पातळी ४५ फूट. ऑगस्ट २०१९मध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं. म्हणून पावसाळ्यात सांगलीकरांनी आपल्या आभाळाआधी नवजाचा पाऊस, कोयनेचा विसर्ग आणि वारणेची पातळी पाहावी.